तहसीलदारीण नावाच्या म्हशीचा चेहरा

४ ऑगस्ट, सोमवार. उमरखेड

वैष्णवीचा फोन आला. २००९ची दहावी, ब तुकडी. पहिल्या बाकावर बसायची आणि माणसाच्या हाताला सहा बोटं काढायची. आता यवतमाळला लहान मुलांची पुस्तकं छापते. म्हणजे सहा बोटांमुळे तिचं काही अडलं नाही.

तिला म्हैस हवी आहे. गोष्ट तिने फोनवरच वाचून दाखवली. एक म्हैस डबक्यात बसते, सगळं गाव तिला बाहेर काढायला येतं, ती येत नाही. संपली गोष्ट. खऱ्या म्हशीवरून ही गोष्टीतली म्हैस घडवायचं काम माझं. समोरून, बाजूने, मागून, आणि वर पाच भाव: आनंदी, दुःखी, रागावलेली, घाबरलेली, चकित. म्हैस चकित कशाने होणार, असं विचारलं तर ती हसली. मी विनोद केला नव्हता.

नमुना म्हणून चार चित्रं पाठवली आहेत, चारही इंटरनेटवरची. एकीला लांब पापण्या, एकीच्या ओठांना लाली, एकीच्या गळ्यात फुलांची माळ. चौथी तर म्हैस नाहीच, कुठला तरी परदेशी रेडा आहे. ही हल्लीची चित्रकार मंडळी जनावर पाहत नाहीत, जनावराचे फोटो पाहतात, तेही दुसऱ्याने निवडलेले.

एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निम्मे तास गणिताच्या सरांनी जादा वर्गासाठी नेले, उरलेल्या निम्म्यांत मुलांनी कपबशी काढली. पुस्तकावर माझं नाव कधी आलं नाही. हो म्हणाले. तीस सप्टेंबरपर्यंत द्यायचं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

म्हैस पूर्ण. स्मरणावरून काढली, मला समोर जनावर लागत नाही. खांद्याचं हाड, गुडघे, खूर, सगळं जिथल्या तिथे. असं रेखाटन आज जिल्ह्यात कोणाला जमणार नाही. पाठवून दिली.

१० ऑगस्ट, रविवार

वैष्णवीचं उत्तर: ‘मॅडम, खूप सुंदर आहे, पण जनावरांच्या दवाखान्यातल्या तक्त्यासारखी वाटते. मुलांना ती कोण आहे ते कळायला हवं.’

कोण आहे म्हणजे? म्हैस आहे.

पुढे लिहिते, ‘एखादी खरी म्हैस थोडे दिवस पाहता का?’ सहा बोटांची मुलगी मला पाहायला शिकवते. दिवसभर उत्तर दिलं नाही. मग ‘बरं’ एवढंच लिहिलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

घरी दूध आणणाऱ्या बाईने सांगितलं की ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावर एक जुन्या नागपुरी जातीची म्हैस आहे, तलवारीसारख्या शिंगांची. बस पाऊण तास उशिरा आली. पुढे चिखलातून चालत गेले. तांड्यावरची ही माणसं सगळी एकदम बोलतात, अर्धं त्यांच्या गोरबोलीत, अर्धं वऱ्हाडीत, आणि पाहुण्याला बसायला द्यायच्या आधी तो कोणाचा कोण ते विचारून घेतात.

म्हशीची मालकीण बिजलीबाई. माझ्याच वयाची असेल, दातांनी मात्र दहा वर्षं पुढे. नवरा नेमसिंग खाटेवर बसलेला असतो, पायांनी अधू आहे, बोलत नाही. या घरात बोलायला त्याला वाव नाही हेही खरं.

म्हशीचं नाव विचारलं.

‘तहसीलदारीण.’

‘असलं कसलं नाव?’

‘इच्यापुढं कोनीबी येवो, वाट पाह्यलाच लावते.’

म्हैस तळ्याच्या काठाला बसली होती. कपाळावर पांढरा चांद, शेपटीचा गोंडा पांढरा, डावा कान फाटलेला. सरकारी पिवळा बिल्ला होता म्हणे, तो बाभळीत अडकून कानासकट निघाला. मी दगडावर बसून दोन तासांत सहा रेखाटनं केली, प्रत्येकावर तारीख घातली, ही माझी सवय आहे. बिजलीबाई मागे उभी राहून पाहत होती. मला कोणी मागे उभं राहिलेलं खपत नाही.

‘मॅडम, थे उभी हाय का बसेल हाय?’

‘बसलेली आहे. दिसत नाही का तुला?’

‘पाय तं बसेल हायेत,’ ती म्हणाली. ‘म्हैस नाय बसली अजून.’

अडाणी बाईशी काय वाद घालायचा.

१६ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा गेले. शिंगाचा बाक तपासायचा होता.

बिजलीबाईने आज मला समजावून सांगायचा उद्योग केला. ‘पाहा, म्हैस आदी पोट बसवते. मंग बाकीची बसते. अन् उठताना पोट सगळ्याच्या शेवटी उठते. तुमी आदी डोकं काढता, तं थे बसन कशी?’

मी म्हटलं, शास्त्र असं आहे की डोक्याच्या मापावरून शरीर मोजतात. ती म्हणाली, ‘असन बापा,’ आणि चहा आणायला गेली. चहा साखरेचा पाक होता.

घरी येऊन सहज, केवळ हात मोकळा करायला म्हणून, आधी पोट काढलं. एक ओला दगड चिखलात रुतावा तसा एकच फटकारा. मग त्यावर मान, मग डोकं, मग मागे ओढलेली शिंगं. बसली. खरोखर बसली.

हे मला आतून ठाऊक होतंच. वैष्णवीला लिहिलं, ‘म्हशीचं वजन आधी मांडावं लागतं, ही माझी पद्धत आहे.’ तिने लगेच कळवलं, ‘मॅडम, किती छान! हे मी माझ्या बाकीच्या चित्रकारांना सांगू का?’ सांग म्हटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं, आणि वर्षभर त्यांना पराणी टोचणारे लोक हात जोडून उभे. म्हशीला कोणी विचारलं नाही. बिजलीबाईने मात्र पुरणपोळीचा तुकडा तिला दिला, आणि तो खाऊन तहसीलदारणीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, एवढाच?

हा भाव मला हवा. वैष्णवीच्या यादीत तो नाही. आनंदी नाही, दुःखी नाही, रागसुद्धा नाही. अकरा वेळा काढून पाहिला. प्रत्येक वेळी नुसती झोपाळू म्हैस होते.

बिजलीबाई आज मला ‘तू’ म्हणाली. ‘तू जेवून आली का?’ चालवून घेतलं. रिकाम्या पोटी वाद घालता येत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. सकाळपासून फोनवर गुलाबाची फुलं येत आहेत. बावीस जणांनी एकच फूल पाठवलं आहे, खाली दुसऱ्याच कोणाची तरी सही असलेलं. एकालाही माझ्या हाताखाली काढलेलं एकतरी चित्र आठवत असेल का, शंका आहे.

दुपारी तांड्यावर गेले, कारण घरात उकडत होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज तांड्यावर पोचले तर तळ्याकाठी कोणी नाही. बिजलीबाई दारात बसलेली, डोक्यावरून पदर, आणि घरात माणसं जमलेली. मला वाटलं नेमसिंग गेला. तो खाटेवर होता.

तहसीलदारीण परवा सांजेपासून नाही. चरायला सोडली ती परत आली नाही. सगळा तांडा नाल्यापर्यंत जाऊन आला.

‘वाट चुकनारी नाय थे,’ बिजलीबाई म्हणाली. ‘कोनं तरी नेली.’

तरुण मंडळी मोबाईलवरचा फोटो गावोगाव दाखवून आली होती. मी तो पाहिला. उन्हात काढलेला, एक काळा डाग आणि त्यात दोन चकाकते ठिपके. ही रेल्वेचं इंजिन म्हणूनही ओळखली गेली असती. हातात हजारोंचे फोन आहेत आणि एकाला म्हैस टिपता आली नाही.

‘माह्या सासूनं पाळली होती इची माय,’ बिजलीबाई म्हणाली. ‘इची आजीबी याच घरची.’ एवढंच. रडली वगैरे नाही. मीच उगाच चष्मा पुसला, धूळ होती.

माझं अर्धं काम व्हायचं आहे आणि समोरचं जनावर नाहीसं झालं आहे. त्यामुळे मला यात लक्ष घालणं भाग आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

जुनी रेखाटनं काढली. वैष्णवीने तक्ता म्हणून हिणवलेल्या पद्धतीचीच, पण या म्हशीवरून केलेली. एका कागदावर नीट मांडली: कपाळावरचा चांद (डावीकडे टोक निघालेला), त्याच्या खाली केसांचा भोवरा, उजव्या शिंगाच्या बुडाशी खाच, फाटका डावा कान, पांढरा गोंडा. तीस प्रती काढल्या. झेरॉक्सवाला विचारतो, ‘मॅडम, हे कोनत्या स्पर्धेचं?’

बस थांब्यावर, दूध डेअरीवर, आठवडी बाजारात लावल्या. बिजलीबाई बरोबर होती. कागदावर ती बोट फिरवत होती, खाचेपाशी थांबली. ‘हे तुले दिसलं होतं?’

‘मला सगळं दिसतं,’ मी म्हटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

डेअरीवर तानाबाई नावाची एक बाई भेटायला थांबली होती. शेजारच्या गावात पुंडलिकरावांच्या गोठ्यात शेण काढते. आजूबाजूला पाहून म्हणाली, ‘चित्रातली खाच पाह्यली मी. तसंच शिंग हाय. पन तिच्या कपायावर चांद नाय. माहं नाव घेऊ नका.’

पुंडलिकराव मला माहीत आहे. त्याचा मुलगा अमर माझ्या वर्गात होता, दुसऱ्याच्या वहीतून आंबा छापून आणायचा. चोरी घरातूनच शिकलेला असणार.

१४ सप्टेंबर, रविवार

सविस्तर लिहिते, कारण उद्या लोक याचं भलतंच काही करतील.

बिजलीबाई, मी आणि तांड्यावरचे चौघे सकाळी गेलो. पोलीस पाटील घनश्याम याला आधीच बोलावलं होतं. तरुण आहे, इस्त्रीचा शर्ट, कोणाला नाराज करायचं नाही असा चेहरा. पुंडलिकराव ओसरीवर दात कोरत बसला होता. मला पाहून उठला.

‘मॅडम, तुमी कायले पडता यात? ही म्हैस मी बाजारातून आनली. ह्या लोकायचं काय, कोनाच्याबी ढोराले हात लावतीन अन् माही म्हनतीन.’

त्याचं ते ‘ह्या लोकायचं’ ऐकून माझं डोकं तापलं. माणसांविषयी असं बोलणं कुठल्याही सुसंस्कृत माणसाला शोभत नाही.

‘आधी म्हैस दाखवा,’ मी म्हटलं.

गोठ्यात तीच होती. शिंग तेच, कान तोच. शेपटीचा गोंडा कापून टाकलेला. आणि कपाळ सगळं काळं.

घनश्यामने माझा कागद धरला, म्हशीकडे पाहिलं, परत कागदाकडे. ‘चित्रात तं चांद हाय, मॅडम.’

‘मंग पाहा न!’ पुंडलिकराव म्हणाला. ‘हाय का इले चांद? चित्र काय, कोनीबी काढते. कान काय, कोनाचाबी फाटते.’

बिजलीबाईने नुसतं ‘हो, हो’ म्हणत म्हशीच्या मानेवर हात ठेवला. म्हशीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुंडलिकराव हसला. ‘वळखतबी नाय इले!’

मी कपाळ पाहत होते. म्हशीचा काळा रंग उन्हात करडा पडतो, कडेला तांबूस होतो. काळा एक नसतो हे मी एकतीस वर्षं सांगत आले आणि कोणी ऐकलं नाही. हे कपाळ निळसर काळं होतं, चकचकीत, आणि वरचे केस एकमेकांना चिकटलेले. जवळ जाऊन वास घेतला.

‘जळकं ऑइल आहे.’

‘माशा बसतात म्हनून लावलं,’ तो चटकन म्हणाला.

‘फक्त कपाळावर माशा बसतात का तुमच्याकडे? पाठीवर नाही?’

घनश्याम आता कागद खाली ठेवून पुढे आला. मी अंगणातल्या ट्रॅक्टरमधून थोडं डिझेल काढून मागितलं. कोणी हललं नाही, तेव्हा तांड्यावरच्या एकाने काढलं. रुमाल भिजवला आणि चोळायला सुरुवात केली. पहिल्या दोन फटकाऱ्यांत काही नाही. तिसऱ्याला राखाडी. मग पांढरं. मी चांद डावीकडून पुसत नेला आणि टोक चित्रात होतं तिथेच निघालं.

घनश्याम म्हणाला, ‘पुंडलिकराव, आता मी काय लिहू?’

पुंडलिकराव मान खाली घालून म्हणाला, ‘चुकून आली आसन. सोयाबीनात शिरली होती.’ शिरलेल्या म्हशीची शेपटी कापून तिला काळी रंगवणारा हा माणूस गावच्या शाळेच्या कार्यक्रमात दरवर्षी पहिल्या खुर्चीवर बसतो. मी त्याला म्हटलं, ‘रंगसुद्धा सारखा लावता आला नाही तुम्हाला.’

मग बिजलीबाईने दावं सोडलं. तहसीलदारीण उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे, सगळ्यांत शेवटी पोट. तिने पुंडलिकरावाकडे पाहिलं, पोलीस पाटलाकडे पाहिलं, रुमाल घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि तुम्ही सगळे इतका वेळ काय करत होतात, असा चेहरा करून दारातून निघाली.

तोच चेहरा.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी एका बैठकीत काढला. मान जरा वर. पापण्या अर्ध्या, पण झोपेने नव्हे. खालचा ओठ किंचित पुढे. आधी जे अकरा वेळा चुकत होतं ते एवढंच की मी डोळ्यांत भाव शोधत होते. तो हनुवटीत होता.

मग बाकीची म्हैस आपोआप आली. शिंगं दोन लांब फटकारे, अंग एक ढीग, पाय जवळजवळ नाहीतच. समोरून, बाजूने, मागून. पाच भाव काढणार नाही. हिला एकच आहे. डबक्यापाशी गाव येवो, सरपंच येवो, पाऊस येवो, ही याच चेहऱ्याने बघेल, आणि मुलं हसतील. वैष्णवीला तसं कळवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वैष्णवीचा फोन. बोलताना रडत होती की हसत होती कळलं नाही, ती पहिल्यापासून तशीच. ‘मॅडम, हीच! हीच ती! ऑफिसमध्ये सगळे म्हणतात, हिला आम्ही ओळखतो.’

त्या सगळ्यांनी हिला कुठे पाहिली? यवतमाळच्या ऑफिसात म्हैस येत नाही. उगाच काहीतरी बोलायचं.

मुखपृष्ठावर माझं नाव कुठल्या टाइपात हवं, विचारलं. साधा हवा म्हटलं. मग दहा मिनिटांनी परत फोन करून म्हटलं, थोडा मोठा.

२१ सप्टेंबर, रविवार

बिजलीबाईला चित्र दाखवायला नेलं. न्यायला नको होतं.

तिने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. नेमसिंगने हात पुढे केला, त्याला कागद दिला. तो माणूस सव्वा महिन्यात माझ्यासमोर एक शब्द बोलला नव्हता. चित्राकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मॅडम.’

‘काय?’ मी म्हटलं.

‘तुले नाय बोलून राह्यला,’ बिजलीबाई डोळे पुसत म्हणाली. ‘चित्राले म्हनून राह्यला. हे तं तू होय, बाई! पह्यल्या दिवशी चिखलातून आली अन् आमच्याकडं असीच पाहत होती!’

शेजारच्या दोघी आल्या. त्यांनीही पाहिलं. त्याही हसल्या. एकीने माझ्या हनुवटीकडे बोट दाखवलं.

मी कागद घेतला आणि निघाले. ज्या बाईची म्हैस मी स्वतःच्या रुमालाने परत आणली, तिने माझी अशी किंमत केली. बसमध्ये खिडकीच्या काचेत पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. घरातल्या भिंतींना पोपडे आले आहेत.

आज तांड्यावर गेले. म्हशीचा गोंडा परत वाढतो आहे का, ते पाहायला. बिजलीबाईने मागच्या रविवारचं काही काढलं नाही. दगडावर माझ्या शेजारी येऊन बसली, मोकळी जागा होती म्हणून मी काही बोलले नाही.

‘आज काय काढाचं?’

‘काही नाही.’

‘पुस्तक गेलं न छापाले?’

‘गेलं.’

‘मंग कायले आली?’

मी गोंड्याचं सांगितलं. तिने शेपटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चहा नेहमीसारखा वाईट होता. दोन कप घेतले.

मग ती म्हणाली, ‘दे इकडं ते.’ आणि वही-पेन्सिल ओढूनच घेतली. उठून समोर जमिनीवर बसली. म्हटलं, ‘तुम्ही काय काढणार?’ ती म्हणाली, ‘तू चूप बस. हालू नको.’ एकतीस वर्षांत मला कोणी हालू नको म्हटलं नव्हतं. बसून राहिले. ओढणीवर आरसे टाचताना सुई धरते तशी तिने पेन्सिल धरली होती, आणि पुसायला रबर एकदाही मागितलं नाही.

चित्र पाहिलं. नाक चुकलं आहे. दोन्ही हात एकाच खांद्यातून निघाले आहेत. पाय तर नाहीतच. पण दगडावर एक बाई बसलेली आहे, आणि ती कोण आहे ते कोणालाही कळेल. कलून बसली आहे. सगळा भार एका बाजूला, आणि दगडाची दुसरी बाजू रिकामी.

मी मास्तरकीच्या आवाजात विचारलं, ‘ही जागा का सोडलीत? चित्र एका बाजूला पडलं ना.’

‘सोडली कोठं?’ बिजलीबाई म्हणाली. ‘ती माही जागा होय.’